खारतुऱ्याचं मीठ

बँकेत कॉम्प्युटर आले आणि दिगंबर आगाशे स्वेच्छेने निवृत्त झाले. स्वेच्छा आपली म्हणायची. माऊसला हात लावताना त्यांना दरदरून घाम फुटायचा. त्यात ब्लडप्रेशर निघालं आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. हिंजवडीत नोकरीला असलेली त्यांची लेक राजनंदिनी म्हणाली, "बाबा, तुम्हाला बदलायला जमतच नाही."

हे भलतंच झोंबलं. कुणालाही बदलता येतं हे तिला दाखवून द्यायचं म्हणून त्यांनी गुहागरच्या खाडीतून खारतुरा आणला. पाण्याखाली हिरवे तुरे काढणारी ही वनस्पती खाऱ्या पाण्याबाहेर म्हणे जगत नाही. कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत टब मांडला. रोज थोडं खारं पाणी उपसायचं, तेवढंच नळाचं ओतायचं. वर पाटी: 'गोड्या पाण्याचा प्रयोग. नाक खुपसू नये.' स्वतःही त्याच दिवसापासून अळणी जेवायला बसले.

आणि काय सांगावं, खारतुरा तरारला! आगाशेही तरारले. आमटी भुरकत बायकोला सांगायला लागले, "अगं, मीठ ही निव्वळ सवय आहे." मंदाकिनीबाई "हो ना" म्हणत आणखी वाढायच्या. सोसायटीत तर त्यांनी उच्छाद मांडला. दिसेल त्याला धरून इच्छाशक्तीवर व्याख्यान.

दिवाळीत राजनंदिनी आली. टबात डोकावून म्हणाली, "पाणी गोडं आहे कशावरून?"

आगाशे तापले. वाटी बुडवून तिच्यादेखत घोटभर प्यायले. तोंडात अख्खं गुहागर होतं.

"रोज मूठभर घालते मी," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "मलूल पडला होता बिचारा. मला नाही बघवत कुणाचे अळणी हाल."

कुणाचे? आगाशे गर्रकन बायकोकडे वळले. "आणि माझी आमटी?"

"चिमूटभरच. पहिल्या आठवड्यात पानावर रडकुंडीला आला होतात."

राजनंदिनी हसू दाबत आत पळाली. आगाशांना लाज वाटली, रागही आला. पण इतके महिने ही बाई आपली व्याख्यानं तोंड मिटून ऐकत राहिली, या विचाराने गहिवरूनही आलं.

दुपारी ते मान खाली घालून म्हणाले, "आज खरी अळणी वाढ."

दोन घासांत चेहरा इतका पडला की मंदाकिनीबाईंनी मिठाची बरणी उचलली. आगाशांनी ती हातातून काढून घेतली, गॅलरीत टबाशेजारी नेऊन ठेवली आणि जुनी पाटी उलटून मागे लिहिलं: 'मीठ फक्त इथेच घालावे.' मग परत येऊन, तोंड वाकडं करत, उरलेली आमटी संपवली.