रिटर्नमध्ये न लिहिलेलं घर

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या धाकट्या जावेच्या मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला. मी नुकतीच शाळेतून घरी आले होते. गोव्यात डिचोलीच्या एका शाळेत मी कारकून आहे आणि घरातल्या सगळ्यांची रिटर्नं मीच भरते, म्हणून तिने फोन सरळ माझ्या हातात दिला. तुमच्या नावावर परदेशात खातं किंवा मालमत्ता असल्याची माहिती मिळाली आहे, रिटर्न पुन्हा तपासून पाहा, असं त्यात लिहिलं होतं.

माझी जाऊ कोलंबियाची. माझा दीर जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो, तिथेच त्यांची ओळख झाली. लग्न करून ती आमच्याकडे, डिचोलीजवळच्या मुळगावात, आली त्याला सहा वर्षं होऊन गेली. दीर वर्षातले आठ महिने समुद्रावर आणि ती आमच्याबरोबर घरी. कॉम्प्युटरसमोर बसून लोकांना स्पॅनिश शिकवते. आपल्या मेजाला तिच्या भाषेतही जवळजवळ मेजच म्हणतात हे कळल्यावर ती आठवडाभर एकेका वस्तूवर बोट ठेवून नावं विचारत फिरली होती. दीर मला वयनी म्हणतो, म्हणून तीही वयनीच म्हणते.

मेसेज वाचताच माझी चूक माझ्या लक्षात आली. रिटर्न भरताना परदेशात काही मालमत्ता आहे का, असा एक प्रश्न येतो. सासऱ्यांचं, ह्यांचं, माझं भरताना मी तिथे डोळे झाकून 'नाही' म्हणत आले. तिचं भरतानाही तेच केलं. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

मी तिला हे सांगून टाकलं.

"तू विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. "ते घर पप्पांचं."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. आई गेल्यावर वडिलांनी घर तिच्या नावावर केलं होतं, पण जिवंत असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. वरच्या मजल्यावर ते राहत, खाली चपलांचं दुकान. पुढे त्यांना विसर पडायला लागला. दुकानदाराने भाडं दिलं की नाही ते आठवेना, बँकेचं कार्ड कुठे ठेवलं तेही आठवेना. म्हणून भाडं तिच्या तिकडच्या जुन्या खात्यात जमा होऊ लागलं. कार्ड तिच्या मावशीकडे. मावशी त्यातून पैसे काढून वडिलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार द्यायची. जावेने स्वतः त्या पैशाला कधी हात लावला नव्हता.

पेडण्यात एक सीए मॅडम विदेशी लोकांची कामं करतात असं शाळेत कळलं. मी रजा टाकली. म्हापशाला बस बदलून आम्ही दोघी पेडण्याला गेलो. मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

"घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"भाडं कोणाच्या खात्यात?"

"माझ्या. पण ते मी घेत नाही. पप्पांच्या बाईला जातं."

"कुठे खर्च केलं ते इथे विचारत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं इथे राहिल्यावर तुमचं जगभरातलं सगळं इथे दाखवावं लागतं. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत आहे, त्याच्या आत सुधारलेलं रिटर्न भरू. नाहीतर दंड फार मोठा आहे."

त्यांनी कागद मागितले. घराचा उतारा, ते केव्हा आणि किती किमतीचं नावावर आलं त्याची नोंद, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट. उतारा जावेच्या मोबाइलमध्ये होता. त्यावर काय लिहिलंय म्हणून मॅडमनी विचारलं. तिने मान वाकडी करून अर्थ लावला. "परंपरा आणि स्वातंत्र्य यांचा दाखला," ती म्हणाली. तिकडे जमिनीच्या उताऱ्याला असंच नाव आहे म्हणे. मॅडम हसल्या, मीही हसले. ती हसली नाही.

राहिलं स्टेटमेंट. ते बँकेच्या वेबसाइटवर मिळणार होतं, पण तिथे शिरायचा नंबर तिच्या जुन्या सिमवर येणार आणि ते सिम मावशीच्या फोनमध्ये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, तिने मावशीला दुसऱ्या फोनवर धरून ठेवलं आणि मी कॉम्प्युटरपाशी बसले. मावशी सत्तरीच्या पुढची. चष्मा शोधून, मेसेज उघडून एकेक आकडा वाचेपर्यंत वेळ संपायचा. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा घाईघाईत माझ्याकडून एक आकडा चुकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. जावेने ती वाचली आणि फोन खाली ठेवला.

"काय झालं गो?" मी विचारलं.

"खातं बंद केलं. मी स्वतः बँकेत जायला हवं."

आम्हाला वाटलं, फक्त वेबसाइटवरचं बंद झालं असेल. चार दिवसांनी मावशीचा फोन आला, कार्डही चालत नाही. पगाराचा दिवस जवळ आला होता. सांभाळणाऱ्या बाईला पगार द्यायला मावशीपाशी तेवढे पैसे नव्हते. दिराला जहाजावर निरोप पाठवला. त्याने एका मित्राकरवी पैसे पाठवले, पण ते पोचायला बारा दिवस लागले. तोवर नाताळ होऊन गेला होता आणि त्या बाईने दुसरीकडे काम धरलं होतं. तिचीही लेकरं होती, तिला दोष कसा द्यायचा?

बँकेत कोणी दुसऱ्याने जायचं तर दिल्लीच्या वकिलातीतून मुखत्यारपत्र हवं. वकिलातीने सुट्ट्यांनंतरची तारीख दिली. मी रोज शाळेतून आल्यावर विचारायची, "दुसरी बाई मिळाली?" ती मान हलवून नाही म्हणायची. तिकिटाचे पैसे बघितले, तिथे जाऊन यायला किती दिवस लागतील ते बघितलं, आणि त्यावर पुन्हा बोललो नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी मावशी भाड्याचा हिशेब ज्या वहीत लिहायची, तिच्यातल्या आकड्यांवरून मॅडमनी रिटर्न भरलं. घर तिचं, खातं तिचं, भाडं तिचं. कर आणि व्याज आम्ही भरलं. "मुखत्यारपत्र झालं की स्टेटमेंट आणा, फाइलला लावून ठेवू," एवढं म्हणून मॅडमनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं सगळं."

"नाही गो वयनी," ती म्हणाली. म्हापशाला उतरताना म्हणाली, "पण तो आकडा मी टाकायला हवा होता." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि तिने ते रागाने म्हटलं नव्हतं हेही मला माहीत आहे.

जानेवारीत मावशी वडिलांना आपल्या घरी घेऊन गेली. ते दुसरं गाव, तीन तासांच्या वाटेवर. वरच्या मजल्याला कुलूप लावलं. मार्चमध्ये मुखत्यारपत्र पोचलं, खातं सुरू झालं, स्टेटमेंटही आलं. आयकर खात्याचं पुढे काही पत्र आलेलं नाही. पण वडील मावशीकडेच आहेत. त्यांना आता हलवू नका, असं डॉक्टर म्हणतात.

रोज संध्याकाळी ती त्यांना व्हिडिओवर बघते. स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येतं. एकच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणतात, तो आता मलाही कळतो. कासा म्हणजे घर. घरी कधी न्यायचं, असं ते विचारतात. ती म्हणते, उद्या. मग फोन ठेवून आत येते, माझ्याशेजारी बसते आणि शेंगा निवडायला घेते.