ती हसली नव्हती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्यानं माझ्या कथेवर सिनेमा काढला त्या मित्रालाही नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलतो – आणि ते मला चांगलं जमतं, लिहिणारा माणूस आहे. आज बदलणार नाही.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या कथेवर एकतर्फी प्रेमाचा सिनेमा आला. तुम्ही पाहिलाही असेल, मोबाइलवर लोक अजून बघतात. त्यात एका पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी आहे. नायक तिला पत्र देतो. ती ते चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचते, हसते, आणि पिठानं माखलेले हात त्याच पत्राला पुसते.  तो पुढं वर्षभर रोज गिरणीसमोर येऊन उभा राहतो, आणि शेवटी तिच्या लग्नात अक्षता टाकून निघून जातो. थिएटरात बायका डोळे पुसायच्या. पुरुषही.

ती गिरणी कुरुंदवाडात खरोखर आहे. नायक म्हणजे मी. सुजाता कॉलेजात माझ्याबरोबर शिकत होती. वडील अंथरुणाला खिळले तसं तिनं गावी जाऊन गिरणी सांभाळली. मी पत्र लिहिलं, एसटीत बसलो, तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. इथवर सगळं सिनेमात आहे तसंच. पुढचं –

पुढचं असं, की ती हसली नाही. हातातलं दळण संपवून तिनं गिरणी बंद केली. हात धुतले. बाकावर बसून पत्र वाचलं, मनातल्या मनात, दोनदा. मग म्हणाली, "शिरीष, मला तुझ्याबद्दल तसं काय वाटत न्हाय. तुला आशेवर ठेवनं बरं न्हवं, म्हणून आत्ताच सांगून टाकलेलं बरं." पत्राची होती तशी घडी घालून तिनं ते मला परत दिलं. स्टँडपर्यंत सोबत आली. चहा पाजला. एसटी लागली, मला खिडकीजवळ जागा मिळाली हे बघितलं, मग गेली. याहून नीट नकार कुणी कुणाला दिला असेल?

मग ते हसणं आलं कुठून?

होस्टेलवर मित्र वाट बघत होते. काय झालं, काय म्हणाली? 'नाही म्हणाली' एवढंच सांगायला जीभ रेटेना. इतक्या चांगल्या वागणाऱ्या मुलीनं नाही म्हटलं, तर उणीव कुणाची ठरते? मी म्हणालो, ती हसली. सगळ्यांसमोर. – आणि खोलीतले सगळे एका क्षणात माझ्या बाजूचे झाले. ते मला फार आवडलं. पुढं ते मी इतक्यांदा सांगितलं, की कथा लिहिताना वेगळं काही रचावं लागलं नाही. गिरणीच्या दारातला लिंब, तिचा जाड काचांचा चष्मा – सगळं तसंच ठेवलं. खोटं होतं ते तिचं हसणं, आणि त्याच्या पुढचं.

सिनेमा लागला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "लई माजोरी हाय की ही." अंधारात मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण बरं वाटलं. पुन्हा तसलं काही ऐकायला मिळावं म्हणून मी आणखी तीनदा तिकीट काढलं.

मग एका दुपारी सुजाता कॉलेजात आली. इतक्या वर्षांनी. मला 'सर' म्हणाली, 'तुम्ही' म्हणाली. दळण घेऊन येणारे लोक तिला म्हणायचे, वैनी, जरा हसून दाखवा की. तिची मुलगी नववीत होती, तिला शाळेत चिडवत होते. "लेक इचारत्या, आई, तू खरंच तसं वागलीस?" सुजाता रागावली नव्हती. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असं बोलतात तसं म्हणाली, "आमच्या गावात तुमचा सत्कार हाय म्हणं. तिथं एवढंच सांगा, मी हसलो न्हवतो. बाकी काय नको."

मी म्हणालो, नक्की.

सत्काराला ती तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी मुलगी. निवेदकानं अगदी तोच प्रश्न विचारला – सर, ही कथा खरी आहे का? माइक माझ्या हातात. गळ्यात हार. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "काळजातलं खोटं लिहिता येत नाही."

टाळ्या पडल्या. सुजाता उठली, मुलीचं मनगट धरलं आणि मधल्या वाटेनं सावकाश चालत बाहेर गेली. लोकांनी वळून बघितलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी पाणी प्यायलो आणि पुढं बोलत राहिलो, चांगलं बोललो.

मुलगी नंतर मावशीकडे इचलकरंजीला शिकायला गेली असं कानावर आलं. सुजाता अजून गिरणी चालवते. मी तिकडं फिरकलेलो नाही. घाबरलो म्हणू? पण तिनं मला काही केलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

सिनेमा पाहून पोरं मला अजून मेसेज करतात. गेल्या वर्षी बिद्रीकडच्या एकानं लिहिलं, सर, ती नाही म्हणाली, पण मी तुमच्या हिरोसारखा रोज तिच्या घरासमोर उभा राहतो. मी ते दोनदा वाचलं. तिथं त्या घरात काय चाललं असेल हे मला कळत होतं. मी त्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

आठवड्यानं त्यानं एका दाराचा फोटो पाठवला. दार बंद होतं, भर दिवसा, आणि खिडक्याही. मी तो पाहिला, आणि तासाला उशीर होत होता म्हणून फोन खिशात ठेवला.