न पाहिलेला वारा

तळ्यावरच्या धक्क्याच्या फाटकाशी एक काळा फळा होता. पाणी किती गार आहे, वारा कसा आहे, मासा कुठे लागतोय, एवढं त्यावर रोज सकाळी खडूनं लिहिलं जाई. लिहिणाऱ्याला सगळे ‘पारा’ म्हणत, कारण त्याच्या गळ्यात सदानकदा दोरीनं बांधलेला तापमापक लोंबत असे. त्याचं मुख्य काम होड्यांच्या डागडुजीचं. पण ऐट सगळी त्या फळ्याची. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही.

उन्हाळा सरून झाडं पिवळी पडायला लागली, की तळ्याची तऱ्हा बदलते. वरचं पाणी गार होऊन खाली जातं, आणि इतके दिवस खोलात दडी मारून बसलेला मासा काठच्या लव्हाळ्यात खायला येतो. गळ टाकणाऱ्यांची चंगळ. पण वाराही याच दिवसांत लहरी. सकाळी पान हलत नाही आणि दहाला लाटा उसळतात. त्याची चाहूल होड्यांच्या शेडमधल्या हवेच्या दाबाच्या काट्यावर लागे. काटा घसरलेला दिसला, की पारा फळ्यावर ठळक लिही : ‘आत जाऊ नका’.

त्या दिवशी पहाटे गारठा होता. पारा फाटकापर्यंत आला. तिथून शेड आणि धक्क्याचं टोक, दोन्ही मिळून तीनशे पावलं. गुडघा कुरकुरत होता, घरी अंथरूण अजून उबदार असेल. काल पाणी सोळा अंश होतं, आजही असेल. एक दिवस नाही बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे? त्यानं लिहिलं : ‘सोळा अंश. वारा मंद. मासा पलीकडच्या लव्हाळ्यात.’ आणि घरी जाऊन झोपला.

त्याचा शाळेपासूनचा मित्र, गावातला शिंपी, फळा वाचून स्वतःची होडी घेऊन पलीकडे गेला. दहाला वारा सुटला. होडी काठच्या खडकांवर आपटली आणि शिंप्याचा उजवा हात दोहोंच्या मध्ये सापडला. गवत कापणाऱ्या एका बाईनं त्याला ओढून वर काढलं, म्हणून जीव वाचला. दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली.

बातमी कळताच पारा आधी शेडकडे धावला. काटा पार तळाला टेकला होता.

आठवडाभर तो दवाखान्यात जात राहिला, फळं सोलून देत राहिला. शिंपी उलट त्याचीच समजूत घाली. “तू कशाला तोंड पाडून बसतोस? वाऱ्याला काय तू आवरणार होतास?” मग बायकोकडे वळून म्हणे, “अगं, याचा फळा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

पाऱ्याला घास गोड लागेना. शेवटी त्यानं घरी आपल्या बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा.”

शिंपी घरी आल्यावर पारा त्याच्या दुकानात गेला. मशीनवर चादर घातलेली होती. वहिनी एका शर्टाला बटणं लावत होती आणि शिंपी डाव्या हातानं कात्री धरायला शिकत होता.

“त्या दिवशी मी काटा बघितलाच नव्हता,” पारा म्हणाला.

“म्हणजे?”

“फाटकावरूनच परत गेलो. फळ्यावरचं सगळं मनानं लिहिलं होतं.”

वहिनीची सुई थांबली. शिंप्यानं कात्री खाली ठेवली. “का रे?”

“आळस आला.”

पाऱ्याला वाटलं होतं, तो ओरडेल, शिव्या देईल. शिंप्यानं नुसतं आपल्या हाताकडे पाहिलं. “आळस,” तो म्हणाला. “निदान आजारी तरी पडायचं होतंस.” मग, “जा आता.”

वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. पाऱ्यानं फळा सोडायचं ठरवलं होतं, बायको म्हणाली, “पळून जाऊ नका.” म्हणून तो रोज टोकापर्यंत चालत राहिला, गुडघा दुखला तरी.

पुढच्या वर्षी पानं पिवळी झाल्यावर एका सकाळी शिंपी डाव्या खांद्यावर गळाची काठी टाकून फाटकाशी आला. फळा वाचला.

“काटा बघितलास?”

“बघितला.”

“कधी?”

“आत्ताच. येतोयच तिकडून.”

शिंप्यानं मान हलवली. मग स्वतः शेडमध्ये गेला, काट्यासमोर उभं राहून नीट पाहिलं, आणि त्यानंतरच होडीची दोरी सोडली.

पारा खडू हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला वाईट वाटलं. पण तक्रार करायला तोंड नव्हतं.