गोंदण पुसणारा ब्रश

दोन हजार पंचवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. आखाडा बाळापूरला रोडला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटी जुनी आहे, पण काम चालू आहे.

माझी शाळा चौथीतच सुटली. इंग्रजी मला वाचता येत नाही, अन त्याची लाजही मला कधी वाटली नाही. तरी कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचं काम मी कैक वर्षांपासून करतो. लोक विचारतात, कसं काय? तर असं, की बटनं मी जागेवरनं ओळखतो. डाव्या हाताला उभी पट्टी, तिच्यात कात्री कुठं, रंगाचा डबा कुठं, धूळ अन चरे पुसायचा ब्रश कुठं, हे हाताला पाठ झालेलं. अंधारात बाई जशी तिखटामिठाचा डबा बराबर काढते, तसंच.

पावसाळा सरत आला होता. एक दिवस मशीन चालू केलं तर पडद्यावर मोठा चौकोन आला. त्यात काहीतरी लिहिलेलं अन खाली दोन बटनं. असले चौकोन नेहमी येतात. मी उजवीकडचं बटन दाबतो, मग ते जातात. त्या दिवशी दाबलं तर चौकोन गेला नाही, आत एक चाक फिरायला लागलं. म्हटलं फिरू दे. समोर चहा पिऊन आलो. येऊन बघतो तर फोटोचं सॉफ्टवेअर सगळंच्या सगळं बदललेलं! पट्टी डावीकडनं गेलेली, खाली आडवी झालेली. कात्री दिसेना. रंगाचा डबा दिसेना. आपल्याच घरात शिरावं अन चूल दुसऱ्या खोलीत निघावी, असं झालं मला. त्या कंपनीवाल्यांना मी एकट्यानंच, मोठ्यानं, जे बोललो ते इथं लिहीत नाही.

धूळ पुसायच्या ब्रशाला जखमेच्या पट्टीचं चित्र असतं. ते हुडकून काढलं. आता त्या पट्टीला एक चांदणी चिकटलेली होती. मला वाटलं, शोभेला लावली असेल. दाबून बघितलं तर काय, एका फटक्यात फोटोवरचे सगळे चरे गायब. आधी तेवढ्याला अर्धा तास जायचा. मी खूश झालो. म्हटलं, चला, अक्कल आली म्हणायची ह्यांना. मग काही दिवस त्या चांदणीवरच काम केलं.

अन मग ते भाऊ-बहीण आले.

भाऊ चाळिशीचा असेल, शेतातनं तसाच उठून आलेला. डोकं भादरलेलं, म्हणजे घरात मयत झालेली दिसत होती. बहीण त्याच्यापेक्षा थोरली. त्यानं खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली अन तिच्यातनं एक फोटो. कुणाच्या तरी लग्नातला, मांडवात बसलेल्या एका म्हातारीचा. फोटो घडी घालून ठेवलेला, घडीवर तडकलेला. तडा म्हातारीच्या कपाळातनं निघून गालावर उतरलेला.

"माय हाय आमची," तो म्हणाला. "उद्या तेरवी हाय. मोठा करून फ्रेममधी बसवून द्या, काका. दुसरा फोटो न्हाई तिचा. कॅमेरा पाहिला की उठून जायची."

"बसा. चहा होईस्तोवर देतो," मी म्हणालो. घमेंडच होती मला.

फोटो स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर घेतला. चांदणीचा ब्रश उचलला अन तड्यावर एकदा टेकवला. चाक फिरलं अन तडा गेला. मी पडदा त्यांच्याकडं वळवला.

भाऊ उभाच राहिला. "आयला! काय दिसून राहिली माय!"

बहीण उठली. ती जवळ आली. पदरानं डोळे पुसले, परत बघितलं. मग म्हणाली, "ही कोण हाय?"

"कोण म्हंजे? माय हाय."

"कपाळ बघ हिचं."

मीही बघितलं. खरं सांगतो, तोवर मी म्हातारीकडं बघितलंच नव्हतं, तड्याकडं बघत होतो. कपाळ कोरं करकरीत होतं. हनुवटीही कोरी. गाल भरलेले. अन ओठ थोडे उघडून आत दातांची पांढरीशुभ्र ओळ.

"मायच्या तोंडात दात न्हवता एकबी," बहीण म्हणाली. "भाकर कुस्करून खायची ती. अन गोंदण कुठं गेलं? कपाळावर गोंदण होतं तिच्या. हनुवटीवर तीन ठिपके होते."

मी स्कॅनरचं झाकण उघडून मूळ फोटो हातात घेतला. भिंग लावलं. कपाळावर हिरवट गोंदण होतं, हनुवटीवर तीन ठिपके होते. ओठ आत गेलेले, बोळकं तोंड.

आमच्याकडच्या जुन्या बायांचं एक म्हणणं असतं, ते मीही माझ्या मायकडून ऐकलेलं. मेल्यावर अंगावरचं सोनं, पाटल्या, सगळं घरचे उतरवून घेतात. गोंदण कुणाला काढता येत नाही. ते बाईसंगं जातं.

बहीण माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं. "बाबा, मायच्या संगं तेवढंच गेलं होतं. अन तुमी तेबी पुसलं?"

जन्मभर माणसांचे चेहरे बघतोय मी. लग्नात नवरीचं नाक वाकडं आलं म्हणून कुणी बोललं असेल, अंधार आला म्हणून बोललं असेल, पण असं मला कुणी कधी बोललं नव्हतं.

मशीन बंद केलं, परत चालू केलं. परत तेच. वाटलं स्कॅनरच्या काचेला काही लागलंय. काच ओल्या कपड्यानं पुसली, कोरड्यानं पुसली, फोटो परत घेतला. पडद्यावर आला तेव्हा गोंदण होतं. ब्रश टेकवला की गेलं. मग कपाळाला हातच लावला नाही, साडीच्या काठावर टेकवला. तरी गेलं! ब्रश कुठंही लावा, मशीन सगळा चेहरा हुडकून त्याला नवा करत होतं. गोंदणाला ते घाण समजत होतं. बोळक्या तोंडाला चूक समजत होतं. अन मी त्याला शाबासकी देऊन राहिलो होतो इतके दिवस.

भाऊ म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या न. हाच द्या. चांगली दिसती. पाहुणे येतेत उद्या, तडकलेला फोटो काय लावायचा?"

"न्हाई देत."

"काहून? फोटो आमचा हाय."

"फोटो तुमचा हाय. ही बाई तुमची न्हाई."

"त्याला माय नको, नटी पाहिजे," बहीण म्हणाली.

"आक्के, तोंड सांभाळ."

"माह्या तोंडाला काय झालं? दात हायेत मला. मायला न्हवते."

दोघं भांडायला लागले. मी डोक्याला हात लावून बसलो. तडा काढला तर माय जाते, माय ठेवली तर तडा राहतो, अन तेरवी उद्यावर.

हिंगोलीला स्टेशनकडं एका पोराचा मोठा स्टुडिओ आहे. काचेचं दार, आत थंडगार. एका लग्नात मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो होतो, की तू फोटोग्राफर नाहीस, नुसता बटन दाबणारा आहेस. त्याचा नंबर फोनात होता, कधी लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

"काका! तुमी? सूर्य कुठून उगवला आज?"

"थट्टा नंतर कर. तुह्या मशीनमधी तो चांदणीचा ब्रश आला का?"

"आला न. तुमच्याकडं बी अपडेट झालं म्हणा!" तो हसायला लागला. "चेहरा धुऊन टाकतो न सगळा? पयल्या दिवशी मी बी एका नवरीचा तीळ उडवला. सासरच्यांनी दुसरी पोरगी दिली म्हणून भांडण लावलं होतं."

"बंद कसं करायचं ते सांग."

"सोपं हाय. वर सेटिंग लिहिलंय बघा, तिथं जा. मग खाली तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय वाचा."

मी बघितलं. ओळी होत्या. "वाचलं," मी म्हणालो.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय बराबर."

"काका, काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

भाऊ-बहीण भांडायचं थांबून माझ्याकडं बघत होते. मला राग आला. "अरे, वाचता आलं असतं तर तुला कशाला फोन लावला असता? दुकानाचं भाडं इचारायला?"

मला वाटलं, आता हा हिंगोलीभर सांगणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "तसं न्हाई काका. व्हिडिओ कॉल लावा. फोन पडद्यासमोर धरा कुणाकडं तरी."

भावानं फोन धरला. त्याचा हात हलत होता म्हणून बहिणीनं त्याचं मनगट धरलं. हिंगोलीचं पोरगं सांगत गेलं, "वर. अजून वर. हां, ती निळी टिक दिसून राहिली न? ती काढा. खालची बी काढा. आता बंद करून उघडा परत."

उघडलं. पट्टीच्या चित्राची चांदणी गेली होती.

पहिल्यासारखं बारीक बारीक, कणाकणानं तडा भरायला घेतला. गाल झाला. नाकाची बाजू झाली. मशीन गप्प होतं, मी सांगेन तेवढंच करत होतं. कपाळाशी आलो तर तडा बराबर गोंदणातनं गेलेला. तिथला कागदच उडालेला, खाली काय होतं ते दिसायला मार्ग नाही.

"हितं काय होतं?" मी विचारलं.

बहिणीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हितं एक ठिपका. अन त्याच्या खाली आडवी रेघ, बारीक."

"रेघ न्हवती," भाऊ म्हणाला.

"तू तिच्या मांडीवर झोपायचास, मी तिचे केस इंचरायची. कपाळ मला ठावं हाय."

ती म्हणाली तसा ठिपका दिला, तशी रेघ दिली. रंग शेजारच्या ठिपक्याचाच उचलला. मग पडदा वळवला. भाऊ पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "हां. अश्शीच बघायची, ओरडायच्या आधी."

दिवे लागायच्या सुमारास ते फ्रेम घेऊन गेले. बहिणीनं फ्रेम पदराखाली धरली होती.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसलो. हे आज झालं. पण त्या चांदणीवर मी काही दिवस काम करत होतो. त्या दिवसांत काय काय दिलं मी?

पासपोर्ट साईजचे फोटो होते. एक बारसं होतं. अन एक फोटो कयाधू नदीच्या काठच्या एका गावातल्या म्हाताऱ्याचा होता, वारलेल्या. तो फोटो उघडला. ह्या म्हाताऱ्याला मी बाजारात पाहिलेलं होतं. लहानपणी देवी आलेल्या, सगळा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा. पंचक्रोशीत त्याला त्यावरच ओळखायचे. पडद्यावर होता तो माणूस उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. ना खड्डा, ना सुरकुती. अन त्याच्या घरचे लोक हा फोटो हसतमुखानं घेऊन गेले होते! माझी तारीफ करून गेले होते! कुणी म्हणालं नाही, की हा आमचा नाही. ज्याला गाव ओळखायचं त्याला घरानं ओळखलं नाही, की ओळखून गप्प राहिले, मला कळेना. मशीनचं एक वेळ समजून घेता येतं. हे मला समजेना. बहीण बोलली तेव्हाही मी एवढा हादरलो नव्हतो.

मूळ फोटो मशीनमध्ये होता. तोच घेतला, धूळ तेवढी काढली, मोठा केला, छापला. खड्डे जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं नाही. फोटो फ्रेमला लावून पोत्यात गुंडाळला, गाडीला बांधला अन त्या गावाला गेलो. म्हाताऱ्याची बायको ओसरीवर हळद निवडत बसली होती. भिंतीवर तो गुळगुळीत फोटो, त्याला हार. मी पोतं सोडून नवा फोटो तिच्या पुढ्यात धरला. तिनं हात पुसले अन खड्ड्यांवरनं बोट फिरवलं.

"मग भिंतीवरचा पाहून तुमी काहून बोलल्या न्हाईत?" मी विचारलं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "वर गेल्यावर माणूस असाच व्हत असल."

मी चपला काढल्या, तिच्याकडून पाट मागून घेतला, त्यावर चढलो अन तो फोटो खाली उतरवला.