अवेळी धरलेला बहार

मी निघाले त्या सकाळी आबा एसटी स्टँडवर आले नाहीत. निमगाव केतकीतल्या आमच्या डाळिंबाच्या बागेला त्या दिवशी पहिलं पाणी होतं, आणि महिनाभर तहानलेल्या बागेला पहिलं पाणी देताना मालकानं हलायचं नाही, हा त्यांचा नेम. "तू जा बाय. इमान थांबत न्हाय, तसं पाणीबी थांबत न्हाय," एवढंच म्हणाले आणि पाइपापाशी वाकले. पोटची मुलगी कॅनडाला निघाली आणि बापाला बाग सुटेना! मुंबईपर्यंत मी त्यांच्यावर रागच धरून बसले होते.

तुमच्यापैकी जे इकडे आलेत, त्यांना माहीतच आहे, घर घेतलं की आधी मागच्या अंगणात काहीतरी लावायची घाई होते. डाळिंब इथे जगत नाही. नर्सरीवाल्यानं उणे चाळीसला टिकणारी सर्व्हिसबेरीची तीन झुडपं दिली. जुलैत करवंदाएवढी जांभळी, गोड फळं लागतात म्हणाला. पक्ष्यांनी खाऊ नयेत म्हणून मी लगेच जाळीही आणली. बाजारात तुरी, दुसरं काय! झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेली, पण चार वर्षांत एक फळ नाही.

त्याच सुमारास आबांना काचबिंदू निघाला. उरलेली नजर वर्षभर टिकली तरी पुष्कळ, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचा एकच प्रश्न असायचा. "फळ लागलं का? डोळं जायच्या आत दाव मला. मंग म्हणीन, पोर तिथली झाली."

मी झुडपं दाखवली की ते मान हलवायचे. "माजल्यात. ताण दे."

ताण देणं म्हणजे पाणी तोडायचं, पानं काढायची, झाडाला मरणाची भीती घालायची. घाबरलेलं झाड फुलतं. आमच्याकडे सगळ्या बागा अशाच फुलतात, मग ही का नाही फुलणार? मी ऐन उन्हाळ्यात पाणी बंद केलं आणि ऑगस्टमध्ये पानं वरबडली. डाव्या हातानं फांदी वाकवायची आणि उजव्या मुठीतून ओढायची, ही आईची पद्धत. मी कॅनडाला यायच्या आधीच ती गेली होती.

शेजारची मार्गारेट आजी कुंपणापाशी आली आणि बघतच राहिली. "अगं, हे काय केलंस? इथे ताण हिवाळाच देतो. पुढच्या वर्षीच्या कळ्या यंदा पहिल्यांदाच धरल्या होत्या की!" मी बोटांनी चाचपून पाहिलं. ओढलेल्या पानांच्या बेचक्यात खरंच टपोऱ्या कळ्या होत्या.

घाबरून मी पुन्हा पाणी सोडलं. सप्टेंबरअखेर एका संध्याकाळी पाहते, तर गावातली सगळी झाडं पिवळी पडलेली आणि माझी तिन्ही झुडपं, अंगावर पान नाही, पांढरीशुभ्र फुललेली. वारा अजिबात नव्हता, तरी फुलं थरथरत होती. मार्गारेट जवळ आली नाही. आपल्या खिडकीतूनच म्हणाली, "पूर्वी हिवाळ्यात मेलेली माणसं पुरता यायची नाहीत, जमीन गोठलेली असायची. वसंतात हे झुडूप फुललं की खड्डे खणायला घ्यायचे. थंडीच्या तोंडावर फुललेलं मी कधी पाहिलं नाही." आणि तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मला भीती वाटत होती, तरी मी फोन लावला. तिकडे पहाट झाली होती. वहिनीनं फोन आबांच्या डोळ्यांपाशी धरला.

"पांढरं दिसतंय," आबा म्हणाले. मग त्यांचा चेहरा फुलला. "बहार लागला की गं!"

ही फुलं फळ धरणार नाहीत, हे सांगायला माझी जीभ रेटेना. तेवढ्यात ते म्हणाले, "ती आजून शेंड्याची पानं काढतीया बघ. तिला म्हण, बास कर आता."

"कोण, आबा?"

"तुझी आय. तुझ्या मागंच हाय की."

मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. असल्या डोळ्यांना भलतंच दिसतं असं डॉक्टर म्हणालेत, वहिनी हळूच म्हणाली, आणि मला ते पटलं. पण मधल्या झुडपाच्या शेंड्याला माझा हात पोचत नव्हता, तिथली मूठभर पानं मी तशीच ठेवली होती. सकाळी ती होती. आता शेंडा उघडा होता आणि खाली गवतावर एकही पान पडलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात हिम पडलं, फुलं काळी झाली. मे महिन्यात झुडपांना पालवी आली, फूल आलं नाही. तोवर आबांची नजर पूर्ण गेली होती. मी फोनवर रडले. "आबा, माझ्या हातानं घालवलं मी. तुमाला फळ दावता आलं न्हाय."

"फळाचं काय घिऊन बसलीस?" आबा म्हणाले. "ती गेल्यापास्नं रोज पाटाकडंला तिच्या बांगड्या वाजायच्या. मी कुणाला बोललो न्हाय, येडा म्हणतील. तुझं झाड फुललं त्या दिवसापास्नं हितं काय ऐकू येत न्हाय. ती तितं आली. परक्याच्या दारात तिनं कवा पाऊल टाकलं न्हाय बाय. म्हंजी तुझं घर झालं."

त्यांचा आवाज अगदी शांत होता. इतकी वर्षं मी इथे घर व्हावं म्हणून जिवाचा आटापिटा केला. ते झालं, आणि आबा त्या बागेत डोळ्यांनी आणि कानांनीही एकटे पडले.