कोरा चाकू

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत आमच्या अकोल्यात शहाणा माणूस सापडणे अवघड झाले होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लोक एकमेकांशी लढत होते आणि त्यांच्या कृपेने वऱ्हाडातला माणूस भर थंडीत, निरभ्र आभाळाखाली, विलायती छत्री उघडून बैलगाडीत बसत होता. कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. छत्री घेतली होती, म्हणजे ती उघडायला हवी होती. काल ज्याच्या घरी पाहुणा घोंगडीवर बसत होता, त्याच्या घरी आज बंद पडलेले घड्याळ भिंतीवर टांगलेले असायचे. मी बोरू घासणारा कारकून. या भरभराटीतून माझ्या वाट्याला महागाई तेवढी आली.

तरी एक विलायती वस्तू मलाही हवी झाली. वऱ्हाडात तेव्हा आगगाडीचा रस्ता पडत होता आणि रुळांखाली घालायला सागवान लागत होते. एका लाकडाच्या ठेकेदाराने मला धारणीच्या जंगलात ओंडके मोजायला नेमले. ही बातमी फुटली आणि ज्यांनी शेजारच्या पातूरच्या पलीकडचे झाड कधी पाहिले नव्हते, ते सगळे मला जंगल शिकवायला आले. चाकूशिवाय जंगलात पाऊल टाकू नये, यावर मात्र त्यांचे एकमत होते. दोर कापायला, पायातला काटा काढायला, फळ सोलायला चाकू हवा. वाघ आला तर चाकूचे काय करायचे, यावर दोन पक्ष पडले. मला रोज बोरू तासायलाही चाकू लागायचाच. तेव्हा घरीदारी चालेल, कनवटीला राहील आणि पगारात बसेल असा एक दुमडता चाकू घ्यायचे ठरले.

इथपर्यंत सगळे सोपे होते. मग माझ्या आत्याने त्यात लक्ष घातले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बालविधवा बहीण. घर तिच्या शब्दावर चालायचे आणि माझा शब्द तिच्या परवानगीने. माझी बायको तेव्हा पोटुशी होती, सातवा महिना. आमची आधीची दोन्ही मुले बारशापर्यंत पोचली नव्हती. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, म्हणजे वाईटसाईट जवळ येत नाही. पहिल्या खेपेला आत्याने घरातली सुरी ठेवली होती, दुसऱ्या खेपेला अडकित्ता. मूल गेल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याने तीच सुरी धुऊन कांदा चिरला. पुढच्या खेपेला अडकित्ताही तसाच पानाच्या डब्यात परत गेला. यात आत्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. घर चालायचे तर चिरावे लागतेच. पण त्या दिवशी माझी बायको स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून त्या सुरीकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मला अजून आठवते.

आत्याने दोन्ही वेळचा दोष शोधून काढला होता. "दोनी लोखंड उष्टे होते," ती म्हणाली. "जे रोज कांदा चिरते त्याले कोण भिते? आता कोरं पाहिजे. ज्यानं काहीच कापलं नाही असं."

"मी नवा चाकू घेऊनच राहिलो आहे," मी म्हणालो.

"मंग तोच ठेवू. फकत त्यानं काही कापजो नको."

मी बायकोकडे पाहिले. मला दोन चाकू परवडणारे नव्हते आणि तिला तिसरे मूल गमावणे परवडणारे नव्हते. तेव्हा मी बाजारात निघालो, असा चाकू शोधायला, जो सगळे कापील आणि ज्याने काहीही कापलेले नसेल.

आधी अमरावतीला गेलो. कापसाच्या पैशाने तिथली दुकाने फुगली होती. एका दुकानदाराने मला एक चाकू दाखवला. त्याच्या पोटातून एकामागून एक पाती निघत होती, शिवाय घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडा आणि एक पिळाचा मळसूत्री खिळा. "हे कशाला?" मी विचारले. दुकानदाराला माहीत नव्हते, पण दुकानदाराला माहीत नाही असे कधी होत नसते. "कान कोरायले," तो म्हणाला. त्या खिळ्याने कान कोरला असता तर थेट दुसऱ्या कानातून बाहेर आला असता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बागाईतदाराने तो चाकू किंमतही न विचारता घेतला आणि तिथेच त्याच्या सगळ्यात लहान पात्याने दात कोरत तो बाहेर पडला. मला एवढी पाती नको होती. शिवाय त्यातले एकही पाते उघडल्यावर ठाम राहत नव्हते. जरा उलटा जोर पडला की टपकन मिटायचे आणि मध्ये बोट असले तर बोटासकट.

अकोल्यात परत आल्यावर एका लोहाराकडे गेलो. लोखंड चांगले होते. पण चाकू दुमडता करून हवा, हे सांगितल्यावर तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहू लागला. "दुमडता काहून पाहिजे?" तो म्हणाला. "माणूस दुमडते का?" मी त्याला वाकून नमस्कार केला आणि निघालो.

शेवटी आठवडी बाजारात एक उत्तरेकडचा फेरीवाला भेटला. जमिनीवर चादर पसरून त्याने चाकू मांडले होते. त्यातला एक मला आवडला. एकच पाते, शिंगाची मूठ आणि मुठीच्या पाठीवर लोखंडाची कळ. पाते उघडले की कळ खट् करून बसायची आणि ती दाबल्याशिवाय पाते मिटायचे नाही. बांधणी साधी, दिमाख शून्य, म्हणून स्वस्त.

"देखिए पंडितजी, धार देखिए," असे म्हणून त्याने बाही वर सारली आणि दंडावरचे केस उडवायला चाकू टेकवला.

"कापू नका!" मी ओरडलो.

आजूबाजूची चार गिऱ्हाइके वळली. फेरीवाल्याला वाटले मला रक्ताची भीती आहे. त्याने दंड सोडला आणि सुतळी घेतली. मी ती त्याच्या हातातून ओढली. मग त्याने केळे घेतले. केळेही मी हिसकावले. जे गिऱ्हाईक चाकूची धार पाहू देत नाही आणि चाकू मात्र घ्यायचा म्हणते, असे त्याच्या आयुष्यात पहिलेच असावे. त्याने मला दोन प्रश्न विचारले. धार नको, तर चाकू कशाला? आणि माझी तब्येत ठीक आहे ना?

"याने काही कापले आहे का?" मी विचारले.

तो बिचारा गोंधळला. काय उत्तर दिले म्हणजे सौदा होईल, ते त्याला कळेना. त्याने आधी सांगितले की याने लोखंडसुद्धा कापले आहे. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाला, नाही, काहीच नाही. मग त्याने चादरीखालून तेलकट कागदात गुंडाळलेला तसाच दुसरा चाकू काढला आणि शपथेवर सांगितले की हा विलायतेहून निघाल्यापासून उघडलेलाही नाही. मी कळ तेवढी चार वेळा खटखटवून पाहिली. धार न पाहता चाकू घेणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच निघालो असेन आणि त्या दिवसांत वऱ्हाडात वेड्यांची वानवा नव्हती.

घरी आत्याने चाकू हातात घेतला, उलटा केला, मिटवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे तं मिटते!"

"दुमडता म्हणजे मिटणारच."

"राखण करणाऱ्यानं डोये मिटले तं राखण कायची? उघडा ठेव."

उघडे पाते उशाखाली, आणि वर बाळ. यावर घरात पूर्ण एक संध्याकाळ वाद झाला. शेवटी बायकोने जुन्या चोळीच्या खणाची एक जाड पिशवी शिवली आणि उघडा चाकू तीत बरोबर बसवला. कळीमुळे पाते मिटायचे नाही, खणामुळे टोचायचे नाही. "आता होईल ना वो?" तिने मला विचारले. तो प्रश्न चाकूबद्दल नव्हता. मी हो म्हणालो.

मुलगी झाली. नातेवाइकांनी 'असो' म्हटले. वऱ्हाडात मुलगी झाल्यावर लोक इतके समंजस होतात की विचारू नका. आणि पाचवी पुजायच्याही आत ठेकेदाराचा निरोप आला, ताबडतोब निघा, नाहीतर दुसरा कारकून पाहतो.

मी चाकू मागितला नाही. मागायचा विचारही केला नाही, असे मात्र नाही. पण खोलीच्या दारातून मी आत पाहिले. बायकोचा एक हात मुलीवर होता आणि दुसरा उशीखाली. मी बोचके उचलले आणि निघालो.

अशा रीतीने ज्या माणसाने जंगलासाठी चाकू निवडायला दोन शहरे पालथी घातली, तो माणूस चाकूशिवाय जंगलात पोचला. तिथे मी दोर दाताने तोडला, काटा काट्याने काढला आणि बोरू लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीने तासून घेतला. त्या बोरूने मी जे आकडे लिहिले ते ठेकेदाराला नंतर वाचता आले नाहीत, आणि त्यात त्याचा फायदाच झाला असावा, कारण तो काही बोलला नाही. "बाबूजी, चक्कू नाही आणला?" माणसे विचारायची. "आहे ना," मी म्हणायचो, "फार चांगला आहे. घरी आहे." ती हसायची. मीही हसायचो. पण दुपारी ओंडके मोजता मोजता माझी मोजणी चुकायची. बारशाचा दिवस केव्हाच उलटून गेला होता. तिथवर कुणाची चिठ्ठी पोचत नव्हती, आणि मला खरे तर ती पोचायला नकोच होती. मी फार घाबरलो होतो.

काम संपले तेव्हा चैत्र लागला होता. अकोल्यात शिरलो तो थेट घरापाशी. फाटकातून आत आलो आणि तिथेच थांबलो. अंगणात आत्या माझ्याकडे पाठ करून बसली होती. समोर कैऱ्यांचा ढीग होता. ती कैऱ्या चिरत होती. तिच्या हातात काहीतरी चमकत होते, वर जायचे आणि खाली यायचे.

घरातून कसलाच आवाज येत नव्हता. तिच्या हातात काय आहे ते मला पाहायचे होते आणि अजिबात पाहायचे नव्हते.

आत्या वळली. "असा काहून उभा हायेस भुतावानी?"

तिच्या हातात जुनी सुरी होती.

"चाकू कुठं आहे?" माझ्या तोंडून कसेबसे निघाले.

"अजून आत आला नाही तं चक्कू पाहिजे! माणसाले लाज तरी पाहिजे," आत्या म्हणाली. "पोट्टी झोपली हाये त्याच्यावर. उठली म्हंजे काढ. आन् पाय धुवून जाय आत."

मी पाय धुतले. ते धुताना मी रडलो, आणि आत्याने कैऱ्यांवरून नजर वर केली नाही, हे तिचे माझ्यावरचे उपकार आहेत.

चाकू पुढे मला परत मिळाला, पण कसला मिळतो! ओल, हळद आणि बाळाच्या धुरीने कळ गंजून बसली होती. दुमडता चाकू दुमडायला तयार नव्हता. तेल घालून पाहावे म्हटले, तर बायकोने तो हातातून घेतला, खणाच्या पिशवीत घातला आणि पाळण्याखाली ठेवून दिला. त्या चाकूने कधी एक धागासुद्धा कापला नाही.

पुढच्या हंगामात ठेकेदाराचे पुन्हा बोलावणे आले. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती, कापूस उतरला होता आणि छत्र्या पावसाळ्यात वापरायचा प्रघात परत सुरू झाला होता. आठवडी बाजारात तोच फेरीवाला, तीच चादर. मी मुलीला कडेवर घेऊन गेलो होतो. त्याने मला ओळखले. घाईने सुतळी लपवली, केळे मागे सारले आणि तसाच एक चाकू दोन्ही हातांनी अलगद पुढे केला.

"काट के दिखाओ," मी म्हणालो.

त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग सुतळी कापली, केळे कापले, दंडावरचे केस उडवले आणि तरी मी काही बोलत नाही असे पाहून शेजाऱ्याचा ऊसही कापला. कडेवरची मुलगी खिदळत होती. मी त्याला म्हणालो, अजून काप.