सासूबाईंच्या बोंबलाचं परीक्षण

बोईसरमध्ये पेपरातलं परीक्षण वाचून हॉटेलात जेवायला गेलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. परीक्षण वाचून ते लिहिणाऱ्याला धडा शिकवायला निघालेली माणसं मात्र दोन भेटली, आणि दोन्ही माझ्या बायकोच्या माहेरची होती.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात मी मालाची गुणवत्ता तपासतो. म्हणजे डब्यात काडी बुडवायची, वर काढायची आणि 'घट्टपणा समाधानकारक, गुठळ्या नाहीत' असं लिहून खाली सही ठोकायची. एवढ्या भांडवलावर मी खाद्यसमीक्षक झालो! त्याचं असं झालं, पालघरहून निघणाऱ्या 'भरती-ओहोटी' साप्ताहिकाचे संपादक राऊतसर एका लग्नात माझ्या शेजारी जेवत होते. मी आपला सवयीने म्हणालो, "डाळ समाधानकारक आहे, पण गुठळ्या आहेत."

राऊतसरांचा घास हातातच राहिला. "तुम्ही लिहिता का हो?"

"रोज लिहितो," मी म्हणालो. (यात खोटं काहीच नव्हतं.)

पुढच्याच आठवड्यापासून 'पानावर बसू या' हे सदर सुरू झालं आणि मी 'अन्नदास' झालो. खरं नाव कुणालाही सांगायचं नाही, अशी राऊतसरांची ताकीद होती. हॉटेलवाल्याने ओळखलं तर तो एक पापड जास्त वाढतो आणि परीक्षणाचा तोल जातो, असं त्यांचं मत. मी तर बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या हातचं सोडून मी बाहेर जेवतो, वर त्याची तारीफ करतो, हे तिला छापील स्वरूपात कळावं असं मला वाटत नव्हतं.

पहिलं वर्ष मजेत गेलं. ज्या हॉटेलची जाहिरात शेवटच्या पानावर, त्याचं जेवण तिसऱ्या पानावर रुचकर. मग हळूहळू वाचक भेटायला लागले. पहिले तारापूरच्या वसाहतीतले एक निवृत्त इंजिनिअर. त्यांचं पत्र आलं : 'आपण गेल्या दहा अंकांत "रुचकर" हा शब्द चौतीस वेळा वापरला आहे. मी मोजले. मात्र कुटुंबासह गेल्यास पंख्याखाली जागा मिळते की नाही, हे एकदाही लिहिलेले नाही.' दुसरा आमच्याच कारखान्याच्या कँटीनमधला एक कामगार. माझ्यासमोरच बसून, मी कोण हे माहीत नसताना, शेजाऱ्याला म्हणाला, "लिखा है, चटनी लाजवाब! अरे भाई, चटनी से पेट भरता है क्या? चावल दूसरी बार देते हैं कि नहीं, वो लिखो ना!"

तिसरा वाचक माझा मेहुणा, हरेश. माझी सासुरवाडी समुद्रकाठच्या दांडी गावची, घरची होडी. रविवारी आम्ही जेवायला गेलो की हरेश पेपर फडकावत म्हणायचा, "हा अन्नदास लिवतो, पापलेट ताजा. अरं, कुनाच्या होडीचा? कवा उतरवला? कायपन लिवलं नाय! याला मासा नि साबन यातला फरक तरी कळतो का?"

मी खाली मान घालून तळलेला पापलेट खात असे. (तो खरोखर ताजा असे. कुणाच्या होडीचा ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.)

पण मनाला लागलंच. एकदा तरी खरंखुरं, निर्भीड परीक्षण लिहायचंच असं मी ठरवलं आणि राऊतसरांना फोन केला.

"लिहा की!" ते म्हणाले. "पत्रकारितेचा तो कणाच आहे. फक्त ज्यांची जाहिरात आपल्याकडे नाही, त्यांच्याबद्दल लिहा."

जुलै महिना होता. तारापूर रस्त्यावर रंजनाताई नावाच्या बाईंनी नुकतीच एक खानावळ काढली होती. चार टेबलं, दाराशी काळा फळा, फळ्यावर खडूने लिहिलेलं : बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. जाहिरात नव्हती. मी जाऊन बसलो.

बोंबील म्हटलं की माझ्यासमोर एकच चित्र होतं. आमच्या घरी माझी बायको नयना करते तसा, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. इथे ताटात आले ते दोरीचे तुकडे! चावताना कानात आवाज. वास असा, की रस्त्यावरचं मांजर दारात येऊन बसलेलं. तरीही मी शास्त्रीय पद्धत सोडली नाही. मालकीणबाईंना बोलावून शांतपणे विचारलं, "हे बोंबील कधीचे आहेत?"

"मे मयन्यातले!" रंजनाताई छाती फुगवून म्हणाल्या.

मला ठसका लागला. "मे महिन्यातले? आणि आज वाढताय?"

"आज नाय तर कवा वाढनार? एकदम वरचा माल हाय. खास दांडीवरनं आनलाय."

मी वहीत लिहिलं : 'मालकीणबाईंनी स्वतः कबुली दिली.'

परीक्षण छापून आलं. मथळा होता 'दोन महिन्यांचा बोंबील!' (उद्गारचिन्ह राऊतसरांचं.) आत मी लिहिलं होतं की मासा शिळा असून दोरीशी स्पर्धा करतो, मालकिणीला त्याची लाजही वाटत नाही, आणि 'असा माल पुरवणारे दांडी येथील जे कोणी आहेत, त्यांचाही शोध घेतला पाहिजे.' अंक हातोहात संपला. आयुष्यात पहिल्यांदाच मला लेखक झाल्यासारखं वाटलं.

पुरवठादाराचा शोध दोन दिवसांत लागला. फोन नयनाने घेतला.

"अहो, ऐकलंत का? कुणी मेला अन्नदास म्हणून आहे, त्याने आईचे बोंबील पेपरात शिळे ठरवलेत! चला आत्ताच्या आत्ता!"

"आईंचे?" माझा आवाज जरा वर गेला.

"मग कुणाचे? रंजनाताई आईकडूनच घेतात ना!"

दांडीला पोचलो तर अंगणात अर्धं गाव. जुलैमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे वाचायला सगळ्यांनाच वेळ होता. एकच अंक दहा जणांच्या हातांतून फिरत होता. ओट्यावर सासूबाई बसलेल्या, आणि त्यांच्या पुढ्यात रंजनाताईंनी परत पाठवलेली बोंबलाची टोपली.

"'गिऱ्हाईक पेपर दावतात, मावशी, मी आता नाय ठेवू शकत,' असा बोलली रंजना," सासूबाई टोपलीकडे बघत म्हणाल्या. "चाळीस वरसं बोंबील सुकवते मी. कोनी असा शब्द नाय काढला."

"सुकवते?" मी विचारलं.

"मग?" हरेश खेकसला. "सुका बोंबील काय ओला असतो?"

आता तुम्ही म्हणाल, दांडीच्या जावयाला सुका बोंबील माहीत नव्हता? तर पाहिला होता! किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून हजारो बोंबील वाळत घातलेले मी लग्नाच्या वर्षापासून बघत आलो होतो. फोटोसुद्धा काढले होते. ते पुढे कुठे जातात, याचा मात्र कधी विचार केला नव्हता. माझी समजूत, कोंबड्यांच्या खाद्यात जात असतील. आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात घरात कसला तरी वास आला म्हणून मी नाक धरून एक वाक्य बोललो होतो. त्या दिवसापासून ती वस्तू आमच्या स्वयंपाकघरात परत आली नव्हती. सासुरवाडीला तर जावयाला ताजा मासाच वाढायची पद्धत. थोडक्यात, मी कारखान्यातल्या कडक शिस्तीने दोन महिन्यांच्या मालाला ताज्या मालाची कसोटी लावली होती!

कबुली द्यायची ती हीच वेळ होती. पण हरेश तेव्हा अन्नदास सापडला तर काय करायचं, ते हातातल्या वल्ह्यासह सगळ्यांना करून दाखवत होता. मी थोडा थांबलो.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मारामारी नको. आमचा जावय शिकलेला हाय. तो लिवंल पेपराला."

झालं! पाट आला, कागद आला, पेन आलं. मी अन्नदासाच्या विरुद्ध पत्र लिहायला बसलो आणि अख्खं अंगण मजकूर सांगायला लागलं.

"लिवा, तू गाढव हाईस!" हरेश.

"आपण असं लिहू या, 'आपले अज्ञान खेदजनक आहे.'"

"ते लिवा. नि गाढव बी लिवा."

मी दोन्ही लिहिलं. नयनाने सुचवलं, "आणि लिहा, ज्याला बायकोने घरात कधी नीट जेवू घातलं नाही, तोच असं लिहितो." मी तेही लिहिलं. पत्र उत्तम झालं. इतकं मनापासून मी अन्नदासाच्या बाजूनेही कधी लिहिलं नव्हतं.

"टपालाने नाय धाडायचा," सासूबाई उठत म्हणाल्या. "हातात देऊ."

हरेशच्या टेम्पोत पुढे सासूबाई, मागे मी आणि नयना, मध्ये पुरावा म्हणून टोपली, असे आम्ही पालघरला निघालो. वाटेत मी पोट दुखत असल्याचं दोनदा सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. राऊतसरांना संदेश पाठवायला फोन काढला, तर नयना म्हणाली, "ठेवा तो फोन. इथे आईवर काय प्रसंग आलाय!"

साप्ताहिकाची कचेरी म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. आम्ही जिना चढून आत गेलो. राऊतसरांनी मान वर केली, त्यांचा चेहरा उजळला, आणि दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "या या, अन्नदास! आज सहकुटुंब?"



हरेशने उगारायला घेतलेला हात तसाच हवेत ठेवून माझ्याकडे पाहिलं. जावयावर हात टाकायचा की नाही, याचा त्याच्याकडे नियम नसावा. नयना वेगळ्याच मुद्द्यावर होती. "म्हणजे त्या पनीरवाल्याकडचा 'गृहिणींनी शिकण्यासारखा रस्सा' तुम्ही लिहिलात?"

"ते... जाहिरातीचं होतं," मी म्हणालो.

सासूबाई खुर्चीत बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला सुका बोंबील खराच ठाऊक नवता?"

"नाही, आई."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. पाहुणा घरातून उपाशी गेल्यावर दिसावं, तसं काहीतरी होतं. त्या नयनाकडे वळल्या. "आठ वरसं! नि तू याला एकदा बी नाय खिलवलास?"

"त्यांना वास येतो म्हणाले."

"येनारच! माशाला वास नाय तर काय कापराला येनार?"

माझ्या हातातलं पत्र घेऊन वाचता वाचता राऊतसरांनी मध्येच विचारलं, "मग हे पत्र छापायचं का?"

"छापा," मी आणि हरेश एकदमच म्हणालो.

पत्र छापलं गेलं. शेजारीच माझी माफी. पण त्याआधी मला दांडीच्या चुलीपुढे बसवण्यात आलं. निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, वांग्यात घातलेला बोंबील, चटणीतला बोंबील. पहिला घास मी श्वास रोखून घेतला. तिसऱ्या घासाला श्वास घ्यायला लागलो. चौथी भाकरी मागितली तेव्हा हरेश म्हणाला, "दोरी आवडली वाटतं?" मी तोंड भरलेलं असल्याचं निमित्त केलं.

टोपली रंजनाताईंकडे परत पोचवायचं काम अर्थातच माझं. डोक्यावर घेऊन टेम्पोपासून दारापर्यंत चालत गेलो. आतली गिऱ्हाइकं जेवायची थांबली. रंजनाताईंनी टोपली उतरवून घेतली, माझी सगळी माफी ऐकली, बसायला लावलं आणि ताट आणलं. ताटात भाकरी आणि मीठ.

"कालवण?" मी विचारलं.

"ते लोकांसाठी हाय," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मला वाटलं सदर संपलं. पण माफीच्या अंकानंतर रंजनाताईंच्या खानावळीत वसाहतीतली माणसं गाड्या घेऊन यायला लागली. दोन महिन्यांचा मासा लागतो तरी कसा, हे त्यांना बघायचं होतं! राऊतसर खूश झाले. म्हणाले, सदर चालू ठेवा. नयना म्हणाली, "ठेवा. पण आईला बरोबर घेऊन जायचं."

तेव्हापासून परीक्षणाला आम्ही दोघं जातो. सासूबाई समोर बसतात, माशाचा कल्ला उघडून ताजेपणा बघायला थेट स्वयंपाकघरात जातात, येताना होडीचं नाव घेऊन येतात. भात दुसऱ्यांदा मागून बघतात. पंख्याखालची जागा मिळेपर्यंत उभ्या राहतात. आणि मग सांगतात, "लिवा." मी लिहितो. फक्त शुद्धलेखन माझं.

निवृत्त इंजिनिअरांचं अभिनंदनाचं पत्र आलं. कँटीनमधल्या कामगाराने सदराचं कात्रण भिंतीला चिकटवलं. आणि गेल्या आठवड्यात राऊतसरांचा फोन आला. सासूबाईंचा यात काय हात आहे, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

"अन्नदास," ते गहिवरून म्हणाले, "आता कुठे तुमची स्वतःची शैली सापडली तुम्हाला!"

मी नम्रपणे म्हणालो, "सगळं वाचनामुळे, सर."